न मागता आलेला पाव : पोर्तुगीज भोजनगृहाचा कारभार

लिस्बन शहरात प्रथमच उतरलेला आपल्याकडचा प्रवासी एखाद्या भोजनगृहात शिरून स्थानापन्न होतो, पदार्थांची यादी उघडून तीतल्या अनोळखी नावांशी झटापट सुरू करतो, आणि त्याने अजून काहीएक सांगितलेले नसतानाच वाढपी मुकाट्याने पावाची टोपली, ऑलिव्हची वाटी, लोण्याच्या चिमुकल्या वड्या, सार्डिन माशाच्या लेपाची डबी आणि क्वचित एक सबंध मऊ चीज त्याच्यापुढे मांडून निघून जातो. प्रवासी हा पाहुणचार समजून सुखावतो व त्यावर मनसोक्त ताव मारतो. मात्र तासाभराने हिशेबाचा कागद हाती पडल्यावर पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज अशा एकेका जिनसेची स्वतंत्र आकारणी पाहून त्याचा चेहरा उतरतो. आपल्याला परका ओळखून लुबाडले, असा त्याचा पक्का ग्रह होतो, आणि मायदेशी परतल्यावर हीच हकीकत तो प्रथम सांगतो.

वस्तुतः येथे लुबाडणूक झालेली नसते. शेजारच्या मेजावर बसलेल्या लिस्बनकराच्या हिशेबातही त्याच रकमा असतात; फरक इतकाच, की त्याने चीज नको म्हणून हाताच्या एका खुणेसरशी परत पाठविलेले असते. या शिरस्त्याचे कारण कळले, की पोर्तुगीज भोजनगृहाचा, मग ते गल्लीतले असो वा उच्चभ्रू, बराचसा कारभार आपोआप उलगडू लागतो.

'कुव्हेर' आणि त्यामागचा कायदा

जेवणाआधी येणाऱ्या या जिनसांना पोर्तुगालमध्ये 'कुव्हेर' म्हणतात. जुन्या धर्तीच्या पोर्तुगीज स्वयंपाकघरात मासा किंवा मांस सांगितल्यावरच निखाऱ्यावर चढते, आणि ते भाजून होईपर्यंत जो वेळ जातो त्यात भुकेल्या माणसाचे समाधान करण्याचे काम कुव्हेरकडे असते. पाव खाणाराने पावाचे पैसे द्यावेत व न खाणाराने देऊ नयेत, हे त्यामागचे तत्त्व आहे. ज्या देशांत पाव 'फुकट' मिळतो तेथे त्याची किंमत मुख्य पदार्थाच्या किमतीत गुपचूप मिसळलेली असते, एवढे ध्यानात घेतले तर पोर्तुगीज पद्धत अधिक प्रामाणिक आहे असे मला तरी वाटते.

कायदाही याबाबतीत संदिग्ध नाही. 2015 सालच्या एका अधिनियमान्वये, गिऱ्हाइकाने न मागितलेल्या आणि हातही न लावलेल्या कोणत्याही पदार्थाचे, कुव्हेरसुद्धा, पैसे आकारता येत नाहीत. म्हणजे ऑलिव्हची वाटी जशीच्या तशी राहिली तर तिची नोंद हिशेबात होता कामा नये. एक जरी ऑलिव्ह उचलले तरी वाटी तुमची झाली. किमतींची यादी प्रवेशद्वाराजवळ लावणे सक्तीचे आहे, आणि प्रत्येक भोजनगृहाने तक्रारवही ठेवलीच पाहिजे असाही दंडक आहे. ही वही मागितली असता 'आज मालक नाहीत' अशा सबबी सांगता येत नाहीत, कारण तीत लिहिलेली तक्रार सरकारी तपासनीसांपर्यंत पोहोचविणे मालकावर बंधनकारक असते. त्यामुळे वही मागण्याचा नुसता उच्चारसुद्धा पुष्कळदा आकारणीतील चूक दुरुस्त होण्यास पुरेसा ठरतो.

हिशेब देताना वाढपी आणखी एक प्रश्न विचारतो आणि परदेशी माणूस त्याने गोंधळतो: पावतीवर करदात्याचा क्रमांक घालायचा का? हा नऊ आकडी क्रमांक पावतीवर घातला, की भोजनगृहाला ती विक्री सरकारपासून लपविता येत नाही, आणि त्या बदल्यात नागरिकाला भोजनावर भरलेल्या कराचा काही अंश प्राप्तिकरात वजा मिळतो. 2014 साली सरकारने अशा पावत्यांची सोडतही सुरू केली आणि बक्षीस म्हणून मोटारगाड्या ठेवल्या. कर चुकविणाऱ्या दुकानदारावर पाळत ठेवण्यासाठी साऱ्या गिऱ्हाइकांनाच बिनपगारी कारकून करून टाकण्याची ही युक्ती मोठी चतुर म्हटली पाहिजे. प्रवाशाने 'नको' म्हणावे आणि मोकळे व्हावे. कर किमतीतच धरलेला असतो, जेवणावर 13 टक्के आणि मद्यावर 23. बक्षिशी ऐच्छिक असून चार सुटी नाणी मेजावर ठेवली तरी कोणी नाक मुरडीत नाही.

ताश्का : कोळशाच्या वखारीतून खानावळीकडे

भोजनगृहांच्या उतरंडीत सर्वांत खाली, परंतु लोकांच्या जिव्हाळ्यात सर्वांत वर असते ती 'ताश्का'. लिस्बनमधील अनेक ताश्कांचा उगम मोठा मजेदार आहे. स्पेनच्या वायव्येकडील गॅलिशिया प्रांतातून पोटापाण्यासाठी आलेले लोक एकाच छपराखाली कोळसा आणि द्राक्षमद्य विकीत. कोळसा न्यावयास आलेला गडी एक पेला घेई, पेल्याबरोबर काहीतरी तोंडात टाकावयास मागे, आणि असे करता करता वखारीच्या मागल्या बाजूला चूल पेटली. घरोघरी गॅस आल्यावर कोळशाचा धंदा बसला. चूल तेवढी राहिली.

आजच्या ताश्कात मेजावर कागदी आच्छादन असते, भिंतींना निळसर फरश्या असतात, कोपऱ्यात चित्रवाणीवर फुटबॉल चाललेला असतो, आणि त्या दिवशीच्या पदार्थांची हस्तलिखित यादी दाराच्या काचेवर चिकटविलेली असते. छापील यादी बाजूला ठेवून काचेवरची यादी वाचणे हे येथील पहिले शहाणपण, कारण सकाळी बाजारातून काय आले हे तिच्यातच कळते. दुसरे शहाणपण परिमाणासंबंधीचे. 'दोझ' या नावाने येणारे ताट सामान्यतः दोघांना पुरते, 'मैया दोझ' म्हणजे अर्धे ताट एकट्या माणसाला भरपूर होते. आणि दोघांनी दोन पुरी ताटे मागविली तर वाढपी ती आणीलही, पण मनातल्या मनात हसेल. हिशेब कित्येकदा मेजावरच्या त्या कागदावरच पेन्सिलीने मांडला जातो आणि तो कागद फाडून गिऱ्हाइकाच्या हाती दिला जातो, ही रीत आता कमी होत चालली असली तरी अगदी गेलेली नाही.

> चौकट : यादीवर नजर टाकताना
>
> *प्रातु दु दिया* : त्या दिवसाचा खास पदार्थ. दुपारी पुष्कळदा सूप, पाव, पेय व कॉफी यांसह एकाच किमतीत.
>
> *सर्व्हझरिया* : बिअर आणि तिच्याबरोबर मांस व कवचीचे मासे. *मारिश्कैरा* : केवळ कवचीचे मासे, आणि म्हणून खिसा सांभाळून जाण्याची जागा.
>
> *किलोचा भाव* : ताज्या माशासमोर लिहिलेली किंमत बहुधा एका किलोची असते. मासा निवडल्यावर त्याचे वजन व होणारी रक्कम आधीच विचारावी.
>
> *वेळ* : दुपारचे जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचे आठच्या सुमारास. साडेसहाला गेलेल्यास खुर्च्या मेजांवर उलट्या ठेवलेल्या दिसतील.

'तापास' नव्हे, पेतिश्कु

लिस्बनच्या पर्यटकी रस्त्यांवर 'तापास' अशी पाटी जागोजाग दिसते. ती पाहुण्यांच्या सोयीसाठी आहे असे समजावे. तापास स्पेनची. पोर्तुगालमध्ये थोडथोडे, वाटून, पेल्याच्या सोबतीने खाण्याच्या पदार्थांना 'पेतिश्कु' म्हणतात आणि त्यांची प्रकृती थोडी निराळी आहे: स्पॅनिश तापा उभ्याउभ्या, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात भटकत खाण्याची वस्तू, तर पेतिश्कु बसून, मधोमध थाळ्या ठेवून, रश्श्यात पाव बुडवीत आणि गप्पा लांबवीत खाण्याची. कोंबडीचे पेटे (गिझर्ड) टोमॅटो व मद्यात शिजविलेले, ऑक्टोपसचे कांदा घातलेले थंड कालवण, उन्हाळ्यात मसालेदार पाण्यात उकडलेल्या गोगलगायी, अशी ही पंगत असते.

यांतील शिंपल्यांचा एक पदार्थ जवळून पाहण्याजोगा आहे. पसरट भांड्यात ऑलिव्हचे तेल तापते, त्यात ठेचलेला लसूण पडतो, तो लाल होण्याच्या आत जिवंत शिंपले ओतून झाकण ठेवले जाते. दोनचार मिनिटांत वाफेने शिंपले एकामागून एक उघडतात आणि आपल्या पोटातले खारे पाणी भांड्यात सोडतात, त्यामुळे वरून मीठ घालावे लागत नाही. शेवटी मूठभर चिरलेली कोथिंबीर आणि लिंबू. ज्या तेलात हे सारे उतरले ते पावाने टिपून खाणे हाच या पदार्थाचा उत्कर्ष होय. एकोणिसाव्या शतकातील बुल्यांव पातु या कवीचे नाव त्याला मिळाले आहे, आणि त्याच्या कवितेपेक्षा त्याचे शिंपले अधिक लोकांना ठाऊक आहेत.

कोथिंबिरीचा उल्लेख मुद्दाम केला. युरोपात हिरवी कोथिंबीर सढळ हाताने वापरणारा देश विरळा. दक्षिण पोर्तुगालमध्ये मात्र तिच्यावाचून चालत नाही. आलेंतेझु प्रांतातला गरीब शेतमजूर लसूण, कोथिंबीर आणि जाडे मीठ खलात कुटून, त्यावर तेल व उकळते पाणी ओतून, शिळ्या पावाचे तुकडे त्यात भिजवीत असे. जमल्यास वर एक अंडे. 'आसोर्दा' नावाचा हा पदार्थ आज मोठमोठ्या भोजनगृहांतही मिळतो.

शाकाहारी वाचकाने येथवर येऊन निराश होण्याचे कारण नाही. बिअरबरोबर 'त्रेमोसु' नावाचे पिवळे, चपटे दाणे येतात. मूळचा हा दाणा विषारी म्हणावा इतका कडू असतो. तो उकडून पुढे कित्येक दिवस वारंवार पाणी बदलीत भिजत ठेवला, की कडवटपणाचे द्रव्य हळूहळू पाण्यात उतरून जाते आणि मग तो मिठाच्या पाण्यात ठेवतात. फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या मिळतात. त्यांना 'बागेतले छोटे मासे' असे लटके नाव आहे, आणि 1543 मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागलेल्या पोर्तुगीजांनी नेलेल्या याच तळणीतून जपानी तेंपुरा निपजला असे सामान्यतः मानले जाते. कुव्हेरमध्ये येणारे आझैतांव किंवा सेरा दा इश्त्रेला येथील मऊ चीज तर आपल्या सोवळ्यालाही मानवणारे आहे. जुन्या पद्धतीचे बहुतेक युरोपीय चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजले जाते; ही दोन मात्र मेंढीच्या दुधात एका काटेरी रानफुलाचे केसर भिजवलेले पाणी घालून विरजतात. फुलातील पाचक द्रव्य दुधातील प्रथिने अधिक खोलवर तोडते, म्हणून हे चीज आतून जवळजवळ वाहते राहते आणि वरची चकती कापून चमच्याने खाल्ले जाते.

समुद्र दाराशी, मासा मात्र परदेशचा

आता खऱ्या कोड्याकडे येऊ. पोर्तुगालला शेकडो मैलांचा अटलांटिक किनारा आहे, बाजारात ताजा मासा ओसंडून वाहतो. आणि तरीही या लोकांचा राष्ट्रीय म्हणावा असा पदार्थ आहे 'बाकल्याव', म्हणजे खारवून वाळविलेला कॉड. हा कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. तो थंड, उत्तरेकडच्या पाण्यातला जीव. आज तो मुख्यतः नॉर्वे व आइसलंड यांच्याकडून येतो, आणि शतकानुशतके पोर्तुगीज खलाशी तो न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आणीत. घरचे सोडून इतक्या दूरचे का?

उत्तराचा पहिला भाग माशाच्या शरीरातच आहे. सार्डिन, बांगडा यांसारखे मासे आपली चरबी मांसात साठवितात. असा मासा वाळविला तर चरबीला हवा लागून ती खवट होते. कॉड आपली चरबी यकृतात साठवितो (लहानपणी नाक धरून प्यालेले कॉड लिव्हर तेल ते हेच), आणि त्याच्या मांसात ती नावापुरतीच असते. पोट चिरून, कण्याचा बराच भाग काढून, पुस्तकासारखा उघडलेला हा मासा जाड्या मिठाच्या थरांत रचला, की कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर जसे पाणी सुटते तसेच त्याच्या पेशींतून पाणी बाहेर येते आणि मीठ आत शिरते. जंतूंना जगण्यासाठी मोकळे पाणी लागते. उरलेले पाणी मिठाने बांधून टाकलेले असल्याने त्यांचा निभाव लागत नाही. ताज्या कॉडमध्ये सुमारे 80 टक्के पाणी असते. खारवून वाळविलेल्या बाकल्यावमध्ये ते 47 टक्क्यांहून अधिक असू नये आणि मीठ 16 टक्क्यांहून कमी असू नये, असे पोर्तुगीज कायदा सांगतो. असा मासा महिनोन्‌महिने टिकतो, खेचराच्या पाठीवरून डोंगरातल्या खेड्यात जातो, आणि बर्फाची गरज नसते.

दुसरा भाग धर्माचा. कॅथलिक पंथात लेंट या व्रतकाळाचे चाळीस दिवस, शुक्रवार आणि इतर व्रते मिळून वर्षातले कितीतरी दिवस मांस वर्ज्य असे, मासा मात्र चाले. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला त्या दिवसांत ताजा मासा कोठून मिळणार? त्याच्या कोठीत टांगलेला बाकल्याव होता. नाताळच्या पूर्वसंध्येलाही आज घरोघर उकडलेला बाकल्याव, बटाटे आणि कोबीवर्गीय पाला यांवर तेल ओतून खाल्ले जाते.

तिसरा भाग राजकारणाचा, आणि तो सर्वांत ठसठशीत आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत 1934 साली कॉडच्या व्यापाराचे नियमन करणारे मंडळ स्थापन झाले, आयातीला आवर घालण्यात आला, आणि परदेशच्या माशावर अवलंबून राहणे ही राष्ट्राला कमीपणा आणणारी गोष्ट ठरवून पोर्तुगालने स्वतःचे मच्छीमारी आरमार उभारले. दुसऱ्या महायुद्धात तटस्थपणाची खूण म्हणून या जहाजांना पांढरा रंग दिला गेला, त्यावरून त्याला 'शुभ्र आरमार' नाव पडले. न्यूफाउंडलंड व ग्रीनलंडच्या धुक्यात मोठे जहाज नांगर टाकून उभे राही आणि त्यावरून एकेक खलाशी चपट्या, छोट्या होडीत एकटाच उतरून दिवसभर गळाने मासे धरी. संध्याकाळी होडी भरली की जहाजाकडे वल्हवीत यावयाचे, आणि त्यानंतर रात्री मासे चिरून मिठात घालावयाचे. मोहीम सहा महिन्यांची. ॲलन व्हिलियर्स या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी लेखकाने 1950 साली 'आर्गुस' या जहाजावरून जाऊन हे सारे डोळ्यांनी पाहिले व त्यावर पुस्तक लिहिले. इतर देशांनी हे एकाकी होड्यांचे तंत्र केव्हाच सोडले होते. पोर्तुगीजांनी ते 1974 पर्यंत चालविले. बाकल्याववरील ममतेत या माणसांच्या घामाचा वाटा किती, हे यादीवर लिहिलेले नसते.

स्वयंपाकघरात ही सारी प्रक्रिया उलटी फिरवावी लागते. लाकडाच्या फळीसारखा ताठ मासा दुकानातच कापून घेतात. तीन किलोंहून मोठ्या माशाला सर्वांत वरची प्रत मिळते, कारण त्याच्या पाठीचा तुकडा जाड निघतो. हे तुकडे थंड पाण्यात एक ते दोन दिवस, पाणी अनेकदा बदलीत, कातडीची बाजू वर करून ठेवतात; म्हणजे निघालेले मीठ जड पाण्यासह तळाशी बसते, कातडीखाली अडकत नाही. मीठ निघते, पाणी परत येते, पण मासा पूर्वीसारखा ताजा होत नाही, आणि हीच त्यातली मेख आहे: मिठात घालविलेल्या काळात त्याच्या प्रथिनांचे स्वरूप पालटलेले असते, त्याला एक पक्व, किंचित कणखर चव आलेली असते, आणि शिजल्यावर त्याच्या मोठमोठ्या, ओलसर पाकळ्या सुटतात. ताजा कॉड खाणाऱ्या इंग्रजाला ज्याची कल्पना नसते ते हेच.

ताश्कात 'आ ब्राश' मागवावे. बाकल्यावचे धागे, काडीसारखे तळलेले बटाटे आणि कांदा एकत्र करून त्यावर फेटलेली अंडी ओततात आणि अंडी गोठण्याच्या जरा आधीच कढई उतरवितात. कोरडे झाले तर स्वयंपाकी चुकला.

सार्डिनची कथा याच्या उलट. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी समुद्रात लोटतो, त्याच्या जागी खालचे थंड, खनिजयुक्त पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, आणि त्या खाऊन सार्डिन लठ्ठ होतो. म्हणून जूनमध्ये, संत अंतोनियुच्या उत्सवात, लिस्बनच्या गल्ल्या धुराने भरून जातात. भाजलेला मासा पावाच्या जाड कापावर ठेवून हाताने खातात आणि चरबी प्यालेला तो पाव सर्वांत शेवटी. जानेवारीत कोणी 'ताजा सार्डिन' देऊ केला तर नम्रपणे दुसरे काही मागावे.

पिवळ्या बलकांचा खजिना

गोडाच्या यादीवर जिकडे तिकडे अंड्याचा बलक दिसतो. मठांत अंड्यांचा पांढरा भाग जोगिणींच्या वस्त्रांना खळ करण्यास आणि द्राक्षमद्य नितळ करण्यास लागे. उरलेल्या बलकांचे करावयाचे काय? मदैरा बेटातून आणि पुढे ब्राझीलमधून साखर येऊ लागली, आणि मठांच्या स्वयंपाकघरांनी या दोहोंची सांगड घातली. 1834 साली सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, मठ ओस पडले, आणि त्यांच्या कृती बाजारात आल्या. लिस्बनच्या बेलें भागातील झेरोनिमुश मठाशेजारी 1837 पासून विकली जाणारी मलईची टोपली, जी इतरत्र 'पाश्तेल द नाता' म्हणून मिळते, तिचे मूळ हेच.

तिच्यावरचे काळे डाग पाहून करपली असे समजू नये. पापुद्र्याच्या पिठाच्या आत बलक, दूध आणि पाक यांचे मिश्रण असते. साखर व थोडे पीठ यांच्यामुळे बलक गोठण्याचे तापमान वाढते, म्हणून भट्टी अतिशय तापवून थोडाच वेळ भाजले तरी आतले मिश्रण दही फुटल्यासारखे न होता मऊ राहते, आणि तेवढ्या उष्णतेत वरची साखर मात्र जळून डाग पडतात. मंद भट्टीत भाजलेली टोपली दिसावयास गोरी, आणि खाताना कंटाळवाणी.

उच्चभ्रू मेज

लिस्बनच्या शियादु भागातील 'बेलकांतु' हे भोजनगृह 1958 साली उघडले. 2012 मध्ये झुझे आव्हिलेश या पाकशास्त्रज्ञाने ते हाती घेतले आणि पुढे त्याला मिशेलिन मार्गदर्शिकेचे दोन तारे मिळाले. उत्तरेस, पोर्तुजवळ लेसा दा पाल्मैरा येथे, समुद्रातल्या खडकांवर आल्व्हारु सिझा या जगन्मान्य वास्तुशिल्पीने तरुणपणी बांधलेले, 1963 मध्ये पुरे झालेले चहागृह आहे. त्याच्या मोठ्या काचा खिडकीतून खाली जमिनीत सरकविता येतात, आणि मग मेज व लाट यांच्यामध्ये काहीच उरत नाही. आज तेथे रुइ पाउला याचे दोन तारे मिळविलेले भोजनगृह चालते. 2024 पासून मिशेलिन पोर्तुगालसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढू लागले आहे. तोवर ती स्पेनच्या जोडीने निघे.

अशा ठिकाणी खर्च एवढा का? ताश्कात एका पातेल्यातून दुपारभर ताटे भरली जातात. येथे एकेका घासाएवढ्या पदार्थाला तीनचार हात लागतात, आणि असे दहाबारा पदार्थ ओळीने यावयाचे असतात. म्हणूनच बहुधा निवड गिऱ्हाइकाकडे ठेवलेली नसते: ठरलेली भोजनमाला असली, की किती माणसांसाठी काय आणावयाचे हे स्वयंपाकघराला आदल्या दिवशीच कळते आणि महाग जिन्नस वाया जात नाहीत. जागा कित्येक आठवडे आधी राखून ठेवावी लागते व कधी पैसेही आगाऊ भरावे लागतात, ते याच हिशेबाने.

परंतु खरी मौज पाहावयाची ती जिनसांची. तेल, लसूण, कोथिंबीर, शिळा पाव, खारा मासा, बलक हीच गरिबाची शिधासामग्री येथेही असते. आव्हिलेशच्या एका प्रसिद्ध पदार्थात मंद आचेवर शिजविलेले अंडे सोन्याच्या वर्खाने मढवून, सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबडीच्या गोष्टीवरून बेतलेल्या बागेत ठेवलेले असते. कौतुक वाटते, तथापि पोर्तुगालमध्ये एकच रात्र काढावयाची असेल तर मी ताश्काच निवडीन, कारण तेथली आसोर्दा चाखल्याशिवाय येथे तिचे काय झाले हे कळणार कसे?

गोवा पाहून आलेल्या वाचकासाठी

गोव्याशी परिचय असलेला मराठी माणूस लिस्बनमध्ये तिखट, नारळाच्या वाटणाचे जेवण शोधू लागतो आणि गांगरतो. मिरची पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणून आपल्या किनाऱ्याला दिली, हे खरे. पण स्वतःच्या घरी त्यांनी तिला मेजाच्या कडेला, तेलात भिजविलेल्या बाटलीत ठेवले. मद्य व लसूण यांत मांस मुरविण्याची त्यांची रीत मदैरा बेटात नाताळला आजही पाळली जाते आणि तो पदार्थ सौम्य असतो. गोव्यात द्राक्षांचे मद्य दुर्मीळ, म्हणून माडाच्या ताडीचा शिरका आला, मिरची आली, मसाले आले, आणि विंदालू जन्मला. सरपातेलचेही तसेच: आलेंतेझुकडे ते ईस्टरच्या सुमारास कोकराचे किंवा करडाचे करतात, गोव्यात डुकराचे.

उलट दिशेनेही रहदारी झाली. 1961 नंतर गोव्यातून आणि 1975 मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तेथून अनेक गोवेकर कुटुंबे लिस्बनला येऊन राहिली. त्यांची छोटी भोजनगृहे शहरात आहेत, आणि शाकुती, बालशांव व बिबिंका तेथे मिळतात. सामोसा तर 'शामुसा' या नावाने साध्या पोर्तुगीज कॉफीगृहाच्या काचपेटीत कॉडच्या वड्यांशेजारी जाऊन बसला आहे. त्यातले सारण बहुधा खिम्याचे असते, तेव्हा शाकाहारी माणसाने विचारून घ्यावे.